हयातीचा दाखला

उचगावात, मळेकरणीच्या देवळाकडं जाणाऱ्या रस्त्याला
माझी खोली. एक कॉम्प्युटर, एक पंखा,
आणि बोट ठेवायचं यंत्र, आगपेटीएवढं.
नोव्हेंबर आला की ते येईल त्याला एकच विचारतं :
तू आहेस का?

सुंद्री गावडे साडेआठापासून पायरीवर.
अंगठा ठेवला. लाल.
पदराला पुसून ठेवला. लाल.
दहाही बोटं झाली, करंगळी दोनदा.
तीस वर्षं ती शिनोळीला जाते काजू सोलायला,
चालत, अधेमधे कुठंतरी राज्य बदलतं.
टरफलाचं तेल कातडी खातं.
तिच्या बोटांच्या रेघा महाराष्ट्रात राहिल्या
आणि पेन्शन कर्नाटकाची,
महिन्याला बाराशे.

तिच्यामागं नायक यल्लोजी घाडी,
मराठा लाइट इन्फंट्री, रिटायर्ड.
कन्नडात नाव चढवताना कुणीतरी घ चा ग केला,
तेव्हापासून सरकारदरबारी ते यल्लोजी गाडी.
"चालू हाय न्हवं गाडी? मग बास," म्हणतात.
उजव्या हाताची दोन बोटं बर्फात गेलेली.

भिंतीवर पाटी आहे : माजी सैनिकांना प्राधान्य.
त्यांनी ती वाचली, आणि तिथंच उभे राहिले.
"काका, तुमचं डाव्या हातावर होतंय, या पुढं."
"नंबर तिचा."
"तिचं आज व्हायचं नाही."
"मग थांबतो की. मला एका महिन्याला येतंय
ते तिला दोन वर्सं लागतात मिळायला."
सुंद्री म्हणाली, "जावा की ओ. तुम्ही बर्फात हुतासा,
मी सावलीत बसून सोललं."
त्यावर त्यांनी चष्मा काढला,
पुसला, परत घातला.
हलले नाहीत.

डोळा दाखवून बघितलं.
एकात मोतीबिंदू, दुसऱ्याचं पाणी थांबेना.
"ही जित्ती हाय, मी सांगतो. लिहून घे," नायक म्हणाले.
मी फॉर्म वरपासून खालपर्यंत सरकवला,
खालपासून वर.
साक्षीला रकाना नाही.

दुपारी फोन आला :
माजी साहेबांचं घरी येऊन करायचं.
यंत्र पिशवीत घालून गेले.
माणूस वाईट नाही, हे आधीच सांगते.
आमच्या गल्लीतली पाण्याची टाकी त्यांच्याच काळातली.
एकदाच निवडून आले, पाच वर्षं.
चहात वेलदोडा होता. वडिलांच्या गुडघ्यांची चौकशी केली,
नावानं.
मग अंगठा ठेवला. हिरवा.
माझं बोट कीबोर्डवरून उठायच्या आत, हिरवा.
"एवढंच?" म्हणाले, आणि खरंच नवल वाटलेलं दिसलं.
रकमेतली शून्यं मी मुद्दाम बघितली नाहीत.
अंगठा मात्र बघत राहिले, पडद्यावर मोठा झालेला :
एकेक रेघ शाबूत,
कुळवून ठेवलेल्या रानासारखी.

परत आले तर दोघं तिथंच.
तिनं फडक्यातली भाकरी मोडून अर्धी त्यांच्या हातावर दिलेली.
पायरी कुणीतरी धुतली होती, ओली होती,
म्हणून नायकांनी भिंतीवरची पाटी उतरवून
तिला बसायला दिली होती.
मी काही बोलले नाही.

साडेचारला सर्व्हर गेला.
काच पुसताना माझा अंगठा लागला यंत्राला,
त्यानं मला काहीच विचारलं नाही.
मला दाखल्यामागं वीस रुपये मिळतात,
लाल उजेडाचे काही नाहीत.

सुंद्री उठली. "म्हंजे मी न्हाई व्हय गे?"
"आहेस, आज्जी. तहसीलदारांकडं जाऊया, ते लिहून देतील."
"त्येंला माझं काय म्हाईत?"
नायकांनी पाटी उचलली, शर्टाच्या बाहीनं पुसली,
खिळ्यावर टांगली, सरळ केली.
"उद्या किती वाजता?"
"काका, तुमचं आत्ता होईल, सर्व्हर आला की..."
"किती वाजता?"